चौदा नंबरचा झरा

उघड्या कोळसा खाणींशी माझा दोनदा संबंध आला. पहिली खाण चंद्रपूर जिल्ह्यातली. तिथे मी बारा वर्षं सर्व्हेयर होतो आणि तिची प्रत्येक पायरी माझ्या पायाखालून गेलेली आहे. दुसरी मध्य आशियात, समुद्रसपाटीपासून तीन हजार शंभर मीटरवर, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका खोलगट पठारावर. तिथे मी कधीच गेलो नाही. तिचं काम मी आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डच्या नदीकाठच्या एका ऑफिसात बसून केलं. मला लिहायचं आहे ते दुसरीबद्दल. पण चूक पहिलीतून आली, म्हणून दोन्ही सांगावं लागतं.

बायको डॉक्टर. तिला वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. खाणीतल्या सर्व्हेयरला इथे कोण विचारणार असं मला वाटलं होतं. पण तेव्हा घरं बांधायचा सपाटा चालू होता, आणि नव्या वसाहतींच्या पावसाच्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला काम मिळालं. जमिनीचा उतार, पाइपचा व्यास, दर हेक्टरी किती पाणी वाहून न्यायचं. मग २००८ च्या हिवाळ्यात घरं बांधणं थांबलं. ऑफिसात एकतीस टेबलं होती. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही नऊ जण उरलो. रिकाम्या टेबलांवरचे फोन कोणी काढले नव्हते. ते मधूनच वाजायचे आणि जवळ असेल तो उठून घ्यायचा.

आमचा साहेब वॉटरफोर्डचाच, साठीकडे झुकलेला शांत माणूस. साहेब हा माझा शब्द. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारायचे. २०१० च्या मार्चमध्ये त्याने लंडनच्या एका कंपनीकडून काम आणलं. त्या पठारावरची खाण दीड किलोमीटर लांबीची होती, ती उत्तरेकडे वाढवून सव्वातीन किलोमीटर करायची होती. कोळसा किती, माती-दगड किती उपसायचा, हे सगळं लंडनवाले पाहणार. आमच्याकडे फक्त पाणी. खाण खोल गेली की आजूबाजूचं जमिनीतलं पाणी तिच्यात उतरतं. ते किती उतरेल, किती पंप लागतील, मधला ओढा कुठून वळवायचा आणि भोवतालच्या तेवीस झऱ्यांपैकी कोणते आटतील, एवढं आम्ही सांगायचं.

झऱ्यांचा नियम सोपा होता. जो झरा वाहता आहे आणि खाणीमुळे आटणार आहे, त्याच्या बदल्यात खाणवाल्यांनी तिथल्या लोकांना नळाने किंवा टाकीने पाणी द्यायचं. जो मुळातच कोरडा, त्याच्या बदल्यात काही द्यायचं कारण नाही. त्यामुळे प्रत्येक झऱ्याची धार मोजणं आलं.

कधी मोजायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण नऊ जणांत खाण पाहिलेला मी एकटा. मी एका दुपारी वेळापत्रक लिहून टाकलं: वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर. विचार करावाच लागला नाही. चंद्रपूरला आम्ही खाणीभोवतीच्या विहिरी याच दोन महिन्यांत मोजायचो. मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असतं आणि नोव्हेंबरमध्ये पावसाळ्याचं पाणी मुरून बसलेलं असतं. दोन्ही आकडे हातात आले की विहीर कळली. विहिरीत टेपला बांधलेलं वजन सोडायचं, ते पाण्याला लागलं की डुबुक आवाज येतो, तो आकडा लिहायचा. बाया भोवती उभ्या राहून बघत असत. एकदा एका म्हातारीने मला विचारलं होतं, "मोजून मोजून पानी वाढते का जी?"

"वाढत नाही, पण कमी झालं तर कळतं," मी म्हणालो होतो.

"ते त आमाले आधीच कळते," ती म्हणाली आणि बादली विहिरीत सोडली.

वेळापत्रकात मी आणखी एक ओळ लिहिली, तीही चंद्रपूरचीच. एखाद्या खेपेला पोचता आलं नाही तर मागचाच आकडा पुढे ओढायचा. साहेबाने दोन पानं वाचून "ग्रँड" म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे. लंडनवाल्यांनी दोन दिवसांत मान्य केलं.

प्रत्यक्ष मोजायला जायची ती खाणीच्या नोकरीतली एक तरुण भूगर्भतज्ज्ञ. त्याच जिल्ह्यात वाढलेली, तिशीतली, इंग्रजी हळू पण नेमकं बोलणारी. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये तिने तेवीस फॉर्म भरून पाठवले. सहा ठिकाणी शून्य होतं. चौदा नंबरच्या फॉर्मवर शून्याच्या शेजारी तिने लिहिलं होतं: वर बर्फ. ते शब्द मी वाचले होते, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. मी ते वाचले आणि पुढचा फॉर्म उचलला, कारण आमच्या तक्त्यात आकड्याला रकाना होता, शब्दांना नव्हता.

२०११ च्या मेमध्ये बर्फ वितळून वाट वाहून गेली, चौदा नंबरला तिला पोचता आलं नाही. माझ्या नियमाप्रमाणे मागचा आकडा पुढे आला. शून्य.

जूनमध्ये तक्ता तयार झाला. आमच्याकडे पद्धत अशी की एकाने तक्ता करायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. तपासणारा हिरव्या पेनाने प्रत्येक आकड्यावर बरोबरची खूण करतो आणि पानाच्या खाली आपली आद्याक्षरं लिहितो. पूर्वी यासाठी वेगळा माणूस असायचा. आता नऊ जणांत जो रिकामा असेल तो. झऱ्यांचा तक्ता माझ्याकडे आला. मी तेवीस फॉर्म आणि तेवीस ओळी बोटाने जुळवल्या, बेरजा दोनदा केल्या, सगळं बरोबर होतं. चौदाव्या ओळीवरही मी हिरवी खूण केली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडून एक फोटो आला. हिरवं गवत, मेंढ्यांच्या वाड्याची दगडी भिंत, आणि भिंतीच्या बुडातून मनगटाएवढी पाण्याची धार. खाली लिहिलं होतं, चौदा. मी लगेच तिला स्काइपवर गाठलं.

"सर, चौदा नंबरला पाणी आहे," ती म्हणाली. "पाऊसमापक बसवायला गेले होते. येताना पाहिलं."

"आत्ता जुलैमध्ये आहे, की नेहमी असतं?"

"वर्षभर असतं. त्यासाठीच तिथे सात घरांचा हिवाळी मुक्काम आहे."

"पण तुम्हीच नोव्हेंबरमध्ये शून्य लिहिलंय."

"तुमच्या कागदावर होतं, भांडं धारेखाली धरायचं आणि मिनिटात किती भरतं ते लिहायचं. धार बर्फाखाली होती. भांड्यात काही आलं नाही. मी शून्य लिहिलं आणि शेजारी बर्फ लिहिलं."

"तिथे कोणाला विचारायचं तरी."

"नोव्हेंबरमध्ये तिथे कोणी नसतं. लोक डिसेंबरात उतरतात. उतरले की वरचं बर्फ फोडतात, भोवती दगड रचतात, वर लोकरीचं जाड जाजम टाकतात. मग तो मार्चपर्यंत गोठत नाही. सर, राग नसेल तर एक विचारू? नोव्हेंबर कोणी ठरवला? आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये पाणी मोजायला कोणी जात नाही. आम्हाला वाटलं आयर्लंडचा नियम असेल."

"आयर्लंडचा नाही. माझ्या गावाकडचा आहे."

"तुमच्याकडे नोव्हेंबरमध्ये डोंगरात काय असतं?"

"आमच्याकडे डोंगर नाहीत. नोव्हेंबरमध्ये कापूस वेचतात."

ती हसली. हसण्यात टोमणा नव्हता. मग तिने भांड्याचा आकडा सांगितला: मिनिटाला अठ्ठेचाळीस लिटर.

त्या रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडून बसलो होतो. बायको वरच्या प्रेसमधून पोहे काढत होती. फडताळाला आमच्या घरात आता प्रेसच म्हणतात.

"अजून झरेच मोजून राहिला का तू?" तिला चिडवायचं असलं की ती नागपुरी बोलते.

मी तिला सगळं सांगितलं. मिनिटाला अठ्ठेचाळीस म्हणजे दिवसाला एकोणसत्तर हजार एकशेवीस लिटर. हिवाळ्यात धार पाव झाली असं धरलं तरी सतरा हजारांवर. सात घरांची माणसं, चारशे मेंढ्या, चाळीस गाई-घोडी मिळून गरज सव्वाचार हजारांची. म्हणजे चौपट पाणी आहे, आणि कागदावर शून्य आहे. शून्य असल्यामुळे नळ नाही, टाकी नाही. खाण वाढली की झरा आटेल आणि त्या सात घरांना तिथे हिवाळा काढता येणार नाही.

"आमच्याकडे रिपोर्ट विचित्र आला तर मी लॅबला फोन करते," ती म्हणाली. "पुन्हा रक्त काढून पाठवायचं. अर्ध्या तासाचं काम."

"इथे पुन्हा म्हणजे एक वर्ष."

"मग तुझा युअर मॅन काय म्हणतो?" घरी साहेबाला आम्ही युअर मॅन म्हणायचो, इथले लोक कोणाही माणसाबद्दल बोलताना म्हणतात तसं.

"उद्या सांगणार."

"चूक तुझी आहे, हे पण सांगशील ना?"

"तेच आधी सांगणार."

"सांग. फक्त एवढं लक्षात ठेव, नऊ जण आहात. आठ असले तरी त्यांना चालेल." तिने पोह्यांवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "तरी सांग."

साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मग नदीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "मी वाचलं होतं ते वेळापत्रक. मलाही दिसायला हवं होतं. माझ्या डोक्यात आलं, नोव्हेंबर म्हणजे पाऊस." वॉटरफोर्डमध्ये नोव्हेंबर म्हणजे पाऊसच असतो.

गुरुवारी लंडनशी बोलणं झालं. तिकडचा माणूस अतिशय सभ्य होता. त्याने माझे आकडे लिहून घेतले, दोनदा वाचून दाखवले. मग म्हणाला की जुलै हा महिना मान्य वेळापत्रकात नाही. एका झऱ्याचा जुलैचा आकडा घेतला तर उरलेल्या बावीस झऱ्यांचाही घ्यावा लागेल, आणि तोही पूर्ण वर्षाचा. अर्ज तिथल्या सरकारकडे जाऊन चुकला आहे. आणि शेवटी विचारलं, "तक्ता तपासलेला आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

"कोणी?"

"मी."

"मग कुठे तरी एक तळटीप टाकू," तो म्हणाला.

इथे वॉटरफोर्डला आमच्या शेजाऱ्याने स्वयंपाकघर तीन मीटर मागे वाढवायचं ठरवलं, तेव्हा दारावर सूचना लावावी लागली होती, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या कुणीतरी हरकत घेतली म्हणून ते काम सात महिने अडलं. तिकडेही हरकतींची तीस दिवसांची मुदत होती. सूचना खाली जिल्ह्याच्या कचेरीत भिंतीला लावली होती आणि सातही घरं त्या महिन्यात जनावरं घेऊन वरच्या कुरणांत गेलेली होती. आम्हाला मुदतीबद्दल कळलं तेव्हा ती संपून बारा दिवस झाले होते. मी तरीही त्या कचेरीला माझ्या नावाने, घरच्या पत्त्यावरून पत्र लिहिलं, आकडे जोडले. उत्तर आलं नाही.

सप्टेंबरमध्ये अहवालाची शेवटची प्रत निघाली. मी साहेबाला म्हणालो की झऱ्यांच्या पानावर माझी आद्याक्षरं नकोत.

"मग कोणाची?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. "मी घालतो माझी, तुला हवं असेल तर. पण आकडे तेच राहतील. तुझी खूण बेरजेला आहे, झऱ्याला नाही."

मी विचार करायला एक दिवस मागितला. त्या दिवसात मी काय विचार केला ते आज नीट आठवत नाही. एवढं आठवतं की समोरची बावीस टेबलं रिकामी होती, आणि माझ्या जागी साहेबाने सही केली तर सात घरांना थेंबभरही जास्त पाणी मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आद्याक्षरं लिहिली. तळटीप सहाव्या जोडपत्रात होती: चौदा नंबरला मोसमी पाणी असल्याचं स्थानिक कर्मचाऱ्याने कळवलं आहे, पडताळणी झालेली नाही.

त्या एका ओळीने त्या सात घरांना काही मिळालं नाही. नुकसान मात्र झालं. स्थानिक कर्मचारी कोण, हे शोधायला तिकडे फार वेळ लागला नाही, कारण झऱ्यांवर जाणारी ती एकटीच होती. वेळापत्रकाबाहेर आकडा का पाठवला, असं तिला विचारलं गेलं, आणि डिसेंबरला संपणारा तिचा करार पुढे वाढवला नाही. ती जिल्ह्याच्या गावी शाळेत भूगोल शिकवायला लागली. मी माफी मागितली तेव्हा तिने लिहिलं, "तुम्ही टीप घातली नसती तर मी तुमच्यावर रागावले असते." ते वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२०१२ च्या एप्रिलमध्ये परवानगी मिळाली. साहेबाने आम्हा नऊ जणांसाठी चॉकलेट केक आणला. पुढच्या टप्प्याचं पंपांचं काम आम्हालाच मिळालं होतं आणि त्यावर वर्ष निघणार होतं. मी केक खाल्ला.

त्या उन्हाळ्यात त्या सात घरांनी तिच्यामार्फत एक कागद मागितला. झऱ्याला किती पाणी आहे हे लिहिलेला, कचेरीत दाखवायला. कंपनीच्या कागदावर देता येत नव्हतं. मी साध्या कागदावर हिशेब लिहिला आणि पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. तिने एक दुरुस्ती केली.

"मेंढ्या काढा, सर. हिवाळ्यात मेंढ्या बर्फ खातात. घोडीपण. पाणी माणसांना आणि गाईंना लागतं."

चंद्रपूरच्या पुनर्वसनाच्या तक्त्यात मेंढीला चार लिटर धरलेले होते, मी तेच धरले होते. मी मेंढ्या काढल्या, घोडी काढली, नवा कागद केला. ऑगस्टमध्ये तो कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने विचारलं, शिक्का कुठल्या संस्थेचा? शिक्का नव्हता. कागद फाईलला लावून घेतला नाही.

खाण वाढवताना आधी पंप बसवतात, मग खोदतात. पंप किती आणि कुठे, हे मीच काढून दिलं होतं. उत्तरेकडचे चार पंप सप्टेंबरमध्ये सुरू झाले. पंप बंद ठेवायचं काही कारण माझ्याकडे नव्हतं, पाणी भरलेल्या खाणीत माणसं उतरवणं धोक्याचं असतं हे मला कोणी सांगायला नको. झरा आटायला तीन महिने लागतील असा माझा अंदाज होता. अकरा आठवडे लागले. डिसेंबरात लोक खाली उतरले, बर्फ फोडलं, तर खाली ओला चिखल होता. चार घरं दुसऱ्या खोऱ्यात नातेवाइकांकडे गेली, दोन जिल्ह्याच्या गावी. एक घर राहिलं, कारण त्यांचं दुसरीकडे कोणी नव्हतं.

हे तिने मला २०१३ च्या जानेवारीत कळवलं. ते घर पाणी कसं आणतं, असं मी विचारलं. तिने लिहिलं, ओढा वळवलाय तिथून बर्फ तोडून घसरगाडीवर आणतात, चुलीवर वितळवतात. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. एका खेपेला शंभर किलो. नवरा-बायको दोघंच ओढतात.

मी हिशेब केला. घरातली माणसं दीडशे लिटर, सहा गाई दोनशे चाळीस. तीनशे नव्वद. म्हणजे दिवसाला चार खेपा. मी तिला आकडा कळवला आणि बरोबर आहे का विचारलं. का कळवला, ते मला सांगता येणार नाही. दुसरं काही कळवण्यासारखं नव्हतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. "तीन खेपा, सर. चौथीला उजेड राहत नाही. दोन गाई त्यांनी मागच्या महिन्यात दिल्या."

बायकोने पलीकडून विचारलं, "काय म्हणते ती?"

"तीन खेपा."

"कसल्या?"

मी कागद पुढे ओढला. दोन गाई कमी, म्हणजे ऐंशी लिटर कमी. तीनशे दहा लागतात. तीन खेपांत तीनशे येतात. उरलेले दहा लिटर ते कशात भागवतात, हे मी तिकडे लिहून विचारलं नाही.